फौजदाराचा पार्ट

मुंबईची थंडी स्वतःला थंडी म्हणवून घ्यायला जरा लाजतेच. संक्रांतीच्या आगेमागे चार दिवस येते, पंखे बंद करायला लावते, ट्रंकेतल्या स्वेटरांना डांबरगोळ्यांच्या वासासकट बाहेर काढते आणि कोणाला नीट हुडहुडी भरायच्या आत निघून जाते. आमच्या दादरच्या सोसायटीतले आजोबा मफलर गुंडाळून फिरायला निघाले की मला हसू येतं. हसून झालं की मी गप्प होते. हे गप्प होणं ठरवून होत नाही. आत कुठंतरी गार पडतं आणि रथसप्तमीपर्यंत तसंच राहतं. दुखत नाही, रडू येत नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं. घरचे आता सरावलेत. सून म्हणते, आईंचा सीझन सुरू झाला.

यंदा नेमका त्यातच एका तरुण दिग्दर्शकाचा फोन आला. मी काम सोडून बरीच वर्षं झाली, पण त्याला माझं नाव कोणीतरी सांगितलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांवर मालिका करतोय म्हणाला, आणि ताई तुम्ही परळच्या, तुम्ही ते सगळं बघितलंय, तर माणसं तुम्हीच निवडून द्या. त्याला एक शाहीर हवा होता, एक गिरणी कामगार, गोळीबाराचा हुकूम देणारा एक फौजदार आणि मेलेल्या पोराची आई. फौजदार एकदम खतरनाक पायजे, मिशा बिशा. आणि आई अशी पायजे, की तिनं हंबरडा फोडला की घराघरात लोकांनी ताट बाजूला सारलं पायजे. मी बरं म्हटलं. मी सगळ्यांनाच आधी बरं म्हणते.

आयुष्यभर मी दुसरं केलं तरी काय? मुंबईत टीव्ही आला तेव्हा मी एका कचेरीत टायपिस्ट होते आणि संध्याकाळी हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग करायची. तिथल्या ओळखीनं कोणीतरी विचारलं, खरा वाटेल असा एक पोस्टमन मिळेल का. मी आमच्या कचेरीतले हेडक्लार्क पाठवले. ते खाकीत इतके शोभले की पुढे कित्येक महिने लोक त्यांना रस्त्यात थांबवून आमचं काही टपाल आहे का असं विचारायचे. मग माझ्याकडे माणसं मागायची रीतच पडली. वकील द्या, मोलकरीण द्या, सज्जन दिसणारा सावकार द्या. कास्टिंग डिरेक्टर ही पाटी माझ्या नावाला फार उशिरा लागली. आधी मी नुसतीच ‘माणसं बघणाऱ्या बाई’ होते. पुढे रोजच्या मालिकांचा सुकाळ आला आणि सासवा-सुना पुरवता पुरवता माझी दमछाक व्हायला लागली.

या धंद्यात सगळ्यात अवघड काम कुठलं, तर भिंतीवरच्या फोटोतला माणूस शोधणं. नायिकेचे वडील वारलेले असतात, त्यांचा हार घातलेला फोटो दिवाणखान्यात हवा असतो. न बोलता, न हलता घरोघरी दिसायचं काम, पण त्याला कोणी राजी होत नाही. स्वतःच्या फोटोला हार कोण घालून घेईल? आणि मरायचा शॉट असला की अजून एक पद्धत आहे. शॉट संपला की मेलेल्या माणसाला कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावतात. कॅमेरा चालू असताना हसायचं म्हणजे यमाची नोंद पुसली जाते म्हणे. माझ्या माणसाचा असा शॉट असला की मी सेटवर जायचीच. तो उठला, कपडे झटकले, हसला, की मी घरी यायची. बाई फार श्रद्धाळू आहेत असं सगळ्यांना वाटायचं. मी देवाला साधा नमस्कार करत नाही. पण तो हसल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही.

नाटकातल्या भूमिकेला ‘भूमिका’ म्हणणारे लोक गिरगावात राहायचे. आमच्या परळात ‘पार्ट’. पार्ट मिळायचा, पार्ट बसायचा, आणि एकदा बसला की तो माणसाला चिकटायचा. आमच्या चाळीत एक जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, होते. त्यांनी कधीकाळी बिभीषणाचा पार्ट केला होता. ते मरेपर्यंत बिभीषण राहिले आणि त्यांची बायको बिभीषणीण. तीही त्या नावाला ओ द्यायची.

हे पार्ट वाटायचं काम माझ्या बाबांकडे होतं. बाबा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. मूळचे कुडाळकडचे, लहानपणी देवळापुढच्या दशावतारात सोंगं बघून वाढलेले. सकाळी गॅलरीच्या कठड्याला टेकून राखुंडीनं दात घासत ते खाली नळावरची रांग बघत बसायचे. तेवढ्यात त्यांचं ठरायचं, यंदाच्या पूजेच्या नाटकात राजा कोण आणि विदूषक कोण. चालण्यावरून ठरवायचे, बादली उचलायच्या पद्धतीवरून ठरवायचे. मी त्यांच्याशेजारी उभी असायची आणि मला ते सांगायचे नाहीत, मीच ओळखायची. माझं शिक्षण काय ते तेवढंच.

छप्पन सालच्या त्या थंडीत सगळं परळ संयुक्त महाराष्ट्राच्या एकाच मागणीवर चाललं होतं. भिंती त्याच अक्षरांनी काळ्या झाल्या होत्या, गिरणीच्या दारात त्याच घोषणा, न्हाव्याकडे तोच विषय. मुंबईचं काय होणार, या काळजीनं बायका तांदूळ निवडताना हात थांबवून बोलायच्या. पोरांनी ठरवलं, आपण एक वग बसवायचा आणि चाळीचाळीतून करायचा. त्यात एक शाहीर, मोर्चा, एक तरुण कामगार आणि मोर्चावर गोळी चालवायला लावणारा फौजदार. फौजदाराचा पार्ट घ्यायला कोणी तयार होईना. त्या दिवसांत तो पार्ट घेणं म्हणजे जन्मभर शिव्या खाणं, हे सगळ्यांना कळत होतं. शेवटी बाबांनी तो स्वतः घेतला. बाबांचा चेहरा रडका म्हणावा असा मवाळ. पोरं म्हणाली, निदान मिशा तरी लावा. बाबा म्हणाले, मिशये लावल्यान फौजदार होयत नाय. आणि त्यांनी असलेली मिशीही काढून टाकली.

गोळी लागून पडणाऱ्या कामगाराचा पार्ट त्यांनी मधूला दिला. मधू म्हणजे पलीकडच्या खोलीतल्या भागीकाकीचा मुलगा. काकी विधवा होती, गिरणीतल्या एकट्या माणसांची खानावळ चालवायची, आणि मधू त्याच गिरणीत बदली कामगार होता. कोणी गैरहजर असलं तर त्याला काम मिळायचं, नाहीतर तो दिवसभर मोकळा. त्याला पार्ट मिळाला तो पडण्यासाठी. फार छान पडायचा. ढोलकीवर थाप पडली की गुडघे न वाकवता सरळ मागे. चाळीतली पोरं पुन्हा पड, पुन्हा पड म्हणायची आणि हा उठून, धूळ झटकून, पुन्हा पडायचा. काकी गॅलरीतून ओरडायची, शर्ट मळवू नको म्हणून. रोज संध्याकाळी चाळीच्या चौकात हे चालायचं. मी प्रॉम्प्टर. मॅट्रिकचं पुस्तक बाजूला ठेवून वगाचे कागद घेऊन बसायची. मधू मुद्दाम वाक्य विसरायचा आणि माझ्याकडे बघायचा. एवढंच. याच्यापुढे सांगण्यासारखं काही घडलं नाही.

संक्रांतीला घराघरात तिळगूळ झाला होता, पण वाटायला कोणी बाहेर पडलं नाही. हवाच तशी होती. बायका म्हणाल्या, रथसप्तमीपर्यंत चालतं, सगळं शांत झालं की वाटू. मग हरताळ झाला, दगड झाले, आणि संचारबंदी लागली. गल्लीच्या तोंडाशी काय चाललंय बघून येतो म्हणून मधू खाली उतरला. आणखीही लोक उतरले होते. ते परत आले.

निरोप घेऊन आला तो काकीच्या खानावळीतलाच एक माणूस होता. धावत जिना चढून आला. बाबा आणि मी गॅलरीतच होतो. काकी दारात बसून लसूण सोलत होती. तो म्हणाला, “काकी, मधू पडलो.”

काकीनं मानही वर केली नाही. म्हणाली, “रोजच पडता तो. शर्ट मळवल्यान काय?”

तो माणूस बाबांकडे बघायला लागला. बाबांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. काकीनं सोललेला लसूण वाटीत टाकला आणि पुढची पाकळी घेतली. तिला ते कळायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. कळलं का, हेही सांगता येणार नाही. तिनं हंबरडा फोडला नाही, एवढं मात्र मी सांगू शकते. चाळीत त्या दिवशी कोणीच मोठ्यानं रडलं नाही. मी तर नाहीच. मी आत जाऊन वगाचे कागद नीट लावून ठेवले.

दिग्दर्शकाचं ऑफिस आता परळलाच आहे, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या टॉवरमध्ये. तिथं मी आया बघायला बसले. एकापेक्षा एक गुणी बायका. येतात, नाव सांगतात, फोटो ठेवतात आणि रडतात. एकीनं आधी विचारून घेतलं, मॅडम, मोठं करू का छोटं? मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल तसं. एसी इतका वाढवलेला की माझी बोटं आखडली होती. खाली करी रोडकडचा पूल दिसत होता. चौथ्या की पाचव्या बाईला मी म्हटलं, रडू नका, तुमचा मुलगा पडला असं कोणी सांगितलं तर नुसतं म्हणा, रोजच पडतो तो. बाईनं दोनदा म्हणून बघितलं. छान म्हटलं. दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, हे भारी आहे, पण पब्लिकला कळणार नाही, त्यांना वाटेल आईला काही पडलेलीच नाही. मी बरं म्हटलं. फौजदारासाठी मी एक गोल चेहऱ्याचा, शाळामास्तरसारखा दिसणारा नट पाठवला होता. तोही त्यांनी परत पाठवला.

मधूचा तेरावा झाला आणि काकीनं चूल पेटवली. खानावळीची माणसं किती दिवस बाहेर खाणार? ती पूर्वीसारखीच भाकऱ्या थापायची, पूर्वीसारखीच आमटी वाढायची. फक्त बोलायची कमी. पोरांनी मात्र धरून ठेवलं, मधूसाठी वग झालाच पाहिजे. बाबांनी हात जोडले, मला सोडा म्हणाले. पण फौजदार दुसरा कोण होणार? आणि कामगाराचा पार्ट तर कोणीच घेईना. पोरं तयार होती, त्यांच्या आया तयार नव्हत्या. एकेकीनं आपापल्या पोराला दंडाला धरून खोलीत नेलं. मग असं ठरलं की त्या जागी कोणी उभंच राहायचं नाही.

वग चाळीच्या चौकात झाला. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. काकी आपल्या दाराशी उभी होती. शाहिरानं कवन म्हटलं, मोर्चा आला, घोषणा झाल्या. बाबा खाकी घालून पुढे झाले, हात मागे बांधले आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, “घाला गोळी.” ढोलकीवर थाप पडली. कोणी पडलं नाही. वर बघितलं तर काकी आत गेली होती आणि दार लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आईला म्हणाली, “पार्ट तेंनीच दिल्यानी, हुकूमय तेंनीच दिल्यानी.” हे ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. दूध नासलं असं सांगावं तशी बोलली. आईनं तिला समजवायचा प्रयत्न केला, की अगो, ते नाटक, गोळी घालणारे वेगळे. काकीनं ऐकून घेतलं. चाळीत कोणी उघड काही म्हणालं नाही, पण बिभीषणाला जन्मभर बिभीषण म्हणणारी ती माणसं, त्यांच्याही डोक्यात ते कुठंतरी बसलंच. बाबा जिन्यात दिसले की गप्पा थांबायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाबांनाही ते पटलं होतं. मीच त्याला मरायचा पार्ट दिला, असं ते आईला म्हणायचे. साच्यावर त्यांचं लक्ष राहिना. धागे तुटायचे आणि ते बघत उभे राहायचे. सकाळी कठड्याला टेकणं त्यांनी बंद केलं. दात मोरीत घासायला लागले.

मग त्यांनी तिळगुळाचं धरलं. दुखवट्याच्या घरी सण करत नाहीत, पण शेजाऱ्यांनी आणून दिलेला तिळगूळ घेतात, आणि घेतला की बोलणं सुरू झालं असं समजतात. तोंडानं कोणाला काही कबूल करावं लागत नाही. बाबा रोज संध्याकाळी गिरणीतून आले की हातपाय धुऊन, वाटी घेऊन काकीच्या दाराशी जायचे. वैनी, तिळगूळ, एवढंच म्हणायचे. ते वाटी उंबऱ्यावर ठेवून यायचे, आणि रात्री जेवून उठलेला खानावळीतला कोणीतरी माणूस ती जशीच्या तशी आम्हाला आणून द्यायचा. त्याला आमच्या तोंडाकडे बघवायचं नाही. बाबा जेवणावरून उठायचे.

एक दिवस त्यांनी आईला सांगितलं, रथसप्तमीपर्यंत तिनं तिळगूळ घेतला नाही तर मी गावाक जातंय, तुम्ही हंय रवा. आई म्हणाली, गिरणी? बाबा म्हणाले, गिरणी ऱ्हवांदे. त्यांचा स्वभाव असा नव्हता. ते भांडत नसत, धमक्या देत नसत. म्हणूनच आम्हाला ते खरं वाटलं. मी तेव्हा घाबरले का? आठवून बघते तर भीतीही सापडत नाही. मी भूमितीचे सिद्धांत पाठ करत होते, आणि ते अजून पाठ आहेत.

रथसप्तमीला बायकांनी गॅलरीत रांगोळीचा सूर्य काढला, गोवरीवर दूध उतू घालवलं. काकीच्या दारापुढची फरशी तेवढी कोरी होती. बाबा त्या दिवशी कामावर गेले नाहीत. त्यांनी ट्रंक भरली, दाराजवळ आणून ठेवली आणि बनियनवर, पंचा गुंडाळलेले, तिच्यावरच बसून राहिले. तिळगुळाची वाटी मांडीवर. संध्याकाळ झाली तरी ते काकीच्या दाराशी गेले नाहीत. बहुतेक त्यांच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

मग काकीच आली. वग झाल्यापासून ती आमच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. हात पिठाचे होते. बाबा उठून उभे राहिले. ती त्यांच्याकडे न बघता, त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघत बोलली.

“भावजी, तुमच्या त्या फौजदाराक एक सांगशात?”

बाबांनी मान हलवली.

“बंदुको खाली करा म्हणान सांगूक सांगा तेका. एकदाच.”

वगात असं वाक्य नव्हतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं नाही. वाटी ट्रंकेवर ठेवली. पंचा सारखा केला. हात मागे बांधले, छाती काढली आणि चौकात बोलले होते त्याच आवाजात, साऱ्या गॅलरीला ऐकू जाईल असं बोलले, “बंदुका खाली करा. कोणीही गोळी घालायची नाही.”

बाहेर चालणारे पाय थांबले. काकीनं पिठाचा हात पदराला पुसला आणि पुढे केला. बाबांनी वाटी उचलून कलती केली; तिळगूळ निम्मा खाली सांडला, निम्मा तिच्या तळहातावर पडला. तिनं तो तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला. बाबा मट्‌कन ट्रंकेवर बसले. आईनं देवाला हात जोडले. आम्हाला वाटलं, सुटलो.

काकी दारापर्यंत गेली आणि वळली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता.

“मगे मधू येतलो आता,” ती म्हणाली. “मी भात टाकतंय.”